पावतीआधी रेंज गेली तर

जुलै संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर पीक विम्यासाठी गर्दी होते. सातबारा, आधार, पासबुक घेऊन सोयाबीनवाले शेतकरी बसलेले असतात, आणि भूम-वाशीकडच्या डोंगरपट्ट्यात ऐन वेळी रेंज जाते. पडद्यावरचा गोल फिरतच राहतो. "भरला का फॉर्म?" याचं उत्तर त्या खोलीत कोणाकडेच नसतं. ते लांबच्या सर्व्हरवरच्या काही ओळींपाशी असतं. विम्याचं पोर्टल कशात लिहिलंय हा मुद्दा इथं नाही. पण अशा प्रसंगासाठी पीएचपीत लिहिता येणारा एक छोटा नमुना मला मनापासून आवडतो, आणि तो सावकाश वाचण्याजोगा आहे.

पहिली ओळ : इग्नोअर_युजर_अबॉर्ट(ट्रू). रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५मध्ये जाहीर केलेली ही भाषा मुळात वैयक्तिक वेबपानांसाठी होती. बघणारा निघून गेला की काम थांबवायचं, हा तिचा उपजत स्वभाव. पान दाखवायचं असेल तर ते योग्यच आहे. अर्ज नोंदवताना मात्र तोच स्वभाव घातक ठरतो, म्हणून ही ओळ त्याला मुरड घालते : बघणारा गेला तरी हातातलं पुरं कर. वेळेची मर्यादा मात्र ती उठवत नाही. वेब सर्व्हरवर ती मुळात ३० सेकंदांची असते. लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही, ही जुलैअखेरच्या गर्दीत मोठीच सवलत.

दुसरी ओळ रजिस्टर_शटडाउन_फंक्शनची. शेवटी काय करायचं ते इथं सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं, आणि या रचनेतलं हेच मला सर्वांत सुंदर वाटतं. काम सुरळीत संपो, एक्झिट येवो, मोठी चूक होवो की वेळ संपो, नेमून दिलेलं फंक्शन चालतं. अशी अनेक फंक्शनं नेमता येतात. ती नेमलेल्या क्रमानं चालतात, पण त्यांतल्या एकानं एक्झिट म्हटलं की पुढची राहून जातात. आणि खुद्द सर्व्हरची लाइट गेली किंवा ती प्रक्रियाच बाहेरून मारली गेली, तर एकही चालत नाही. तेव्हा आधार उरतो मधल्या ओळींचा : ट्रान्झॅक्शन सुरू, अर्जाची नोंद, हप्त्याची नोंद, कमिट. कमिट झालं नसेल तर डेटाबेस सगळं मागे घेतो. अर्धवट अर्ज मागे राहत नाही.

कमिटनंतर पावती पाठवणारा एको येतो, आणि त्याच्यापुढची ओबी_फ्लश व फ्लश ही जोडी घाईचा वाचक ओलांडून जाईल. माझ्या मते सगळा अर्थ तिच्यावर तोलला आहे. पीएचपीला माणूस गेल्याचं कळतं ते त्याच्याकडे काही पाठवायला गेल्यावरच. एको म्हटल्यानं मजकूर निघतोच असं नाही, तो बफरमध्ये साठतो. अनेक ठिकाणी हा बफर ४०९६ बाइटांचा ठेवलेला असतो, आणि छोट्या पावतीनं तो भरतही नाही. त्यात शेवटचा क्रम असा : आधी शटडाउन फंक्शनं, मग डिस्ट्रक्टर, आणि त्यानंतर बफर रिकामा होणार. म्हणजे फ्लश गाळला, तर शटडाउन फंक्शनात कनेक्शन_स्टेटस विचारल्यावर शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', असंच उत्तर येईल, कारण पावती अजून जागची हललेलीच नसते. तुटलेल्या जोडणीसाठी १ आणि वेळ संपल्यास २ हे आकडे आहेत, पण १ दिसण्यासाठी आधी पाठवून पाहावं लागतं.

पाठवूनही दर वेळी कळत नाही. केंद्रचालकानं टॅब बंद केली तर त्याचा संगणक तसा निरोप सर्व्हरला देतो. त्यानंतरही पहिलं पाठवणं बहुधा यशस्वी झाल्यासारखंच दिसतं, नकार मागाहून येतो. रेंज गेली किंवा लाइट गेली तर निरोप द्यायलाच कोणी नसतं. सर्व्हरचं लिनक्स तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, आणि नेहमीच्या मांडणीत हार मानायला त्याला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. तोवर आपल्या सगळ्या ओळी 'ठीक' म्हणून संपलेल्या असतात. मध्ये एनजिनएक्ससारखा सर्व्हर असला तर पीएचपी आणि गिऱ्हाईक यांच्यात आणखी एक पडदा येतो.

म्हणून हा नमुना शून्यावर विसंबत नाही, हे त्याचं मोठेपण. फॉर्म उघडतानाच तो एक टोकन देतो आणि डेटाबेसमध्ये ते एकदाच नोंदलं जाईल अशी अट घालतो. रेंज आल्यावर केंद्रचालक तेच पान पुन्हा पाठवतो. टोकन आधीच नोंदलेलं असेल तर नवा अर्ज होत नाही, हप्ता दुसऱ्यांदा कापला जात नाही. जुनी नोंद उघडते आणि तिचीच पावती छापली जाते.