घड्याळ नसलेलं घर

'बिग बॉस'बद्दल गंभीरपणे लिहायचं म्हटलं की आधी थोडी माफी मागायची आपल्याकडे पद्धत आहे. सहज चॅनल बदलताना दिसलं, घरात दुसरं कुणीतरी बघत होतं, वगैरे. मी ती मागत नाही. ऑक्टोबर 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात चाललेला हिंदी 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम मी आईशेजारी बसून, मांडीवर वही घेऊन पाहिला. आई तेव्हा नुकतीच अतिदक्षता विभागातून घरी आली होती. तिथं तिला बाहेरचा उजेड दिसेल अशी खिडकी नव्हती आणि घड्याळ होतं ते तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारायची, किती वाजले? घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "अगं, यांना किती वाजलेत ते कुणी सांगतच नाही." माझ्या वहीतली पहिली कामाची नोंद ती आहे. पुढचं सगळं त्या नोंदीमागे जाताना सापडलं.

घरातल्या सदस्यांकडे घड्याळ नसतं, हे या कार्यक्रमाच्या कुठल्याही प्रेक्षकाला माहीत असतं. पण प्रेक्षकाला मात्र वेळ सतत पुरवली जाते, हे चटकन लक्षात येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दिवस आणि वेळ उमटते, निवेदक ती वाचून दाखवतो. इथं आवाज दोन आहेत. पुष्कळांना ते एकच वाटतात. 'बिग बॉस' म्हणून हुकूम सोडणारा आवाज अतुल कपूर यांचा. वेळ आणि प्रसंग सांगणारा आवाज विजय विक्रम सिंह यांचा. पहिला आवाज घरातल्यांशी बोलतो. दुसरा फक्त आपल्याशी. घरातल्यांना तो कधीच ऐकू येत नाही, आणि घड्याळ आहे ते त्या दुसऱ्या आवाजाकडे.

या वेळेमुळे दृश्याला पंचनाम्याचं रूप येतं. सकाळी दहा वाजता चहावरून एक बाई चिडली, दुपारी तीन वाजता तीच बाई रडतेय. दोन्ही वेळा खऱ्या, दोन्ही दृश्यं खरी. मधल्या पाच तासांत काय झालं, चहाचं भांडण मिटलं का, ती आईच्या आठवणीनं रडली की आणखी कशानं, हे आपल्याला कळत नाही आणि विचारायचं सुचतही नाही. चोवीस तासांचे तास-सव्वा तास करताना कुणाला खोटं बोलावं लागत नाही, दोन खऱ्या वेळा शेजारी ठेवल्या की पुरतं. 'सगळं आधीच लिहिलेलं असतं हो' हा आपला लाडका आक्षेप म्हणूनच मला आळशी वाटतो. संवाद लिहून देण्याची गरजच या रचनेत उरत नाही.

मूळ कार्यक्रम 1999 सालचा, नेदरलँड्सचा, जॉन द मोल यांच्या एंडेमॉल कंपनीचा. नाव 'बिग ब्रदर', ऑर्वेलच्या कादंबरीतून उचललेलं. हिंदीत तो नोव्हेंबर 2006 मध्ये सोनी वाहिनीवर आला, अर्शद वारसीच्या सूत्रसंचालनाखाली, आणि दुसऱ्या हंगामापासून कलर्सवर गेला. येताना 'ब्रदर'चा 'बॉस' झाला. माझा आपला तर्क असा की आपल्याकडे थोरल्या भावाची भीती वाटली तरी तिच्यात माया मिसळलेली असते, साहेबाची भीती निखळ असते. गंमत म्हणजे नावातून गाळलेला भाऊ चौथ्या हंगामात, 2010 साली, मागच्या दारानं परत आला. सलमान खानला सगळं घर 'भाई' म्हणतं.

दुसरा बदल अधिक खोल आहे. इंग्रजी कार्यक्रमातून माणूस बाहेर पडतो त्याला वापरलेला शब्द भाडेकरूला जागा खाली करायला लावण्याचा आहे. हिंदीत तो 'बेघर' होतो. स्पर्धक 'घरवाले' असतात, 'सदस्य' असतात. कुटुंबाची ही भाषा एकदा स्वीकारली की भांडणं कुठं होणार हेही ठरतं. स्वयंपाकघरात. कणीक कुणी मळायची, खरकटी भांडी कुणाच्या वाट्याची, अंडी मोजून ठेवलेली असताना जास्तीचं कुणी खाल्लं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शिधा आवळला, कामं वाटून दिली आणि लक्ष घालायला दुसरं काही ठेवलं नाही की कुठल्याही घरात हेच होईल.

दुसरं काही ठेवलं नाही, याकडे नीट बघायला हवं. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, कागद-पेन नाही. जो टीव्ही आहे त्यावर आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक दिसतो. दिवसा झोपायला बंदी; डोळा लागला की कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज सोडतात. माइक काढायचा नाही. हिंदीतच बोलायचं, इंग्रजीत गेलात तर टोकणार. नामांकनाबद्दल आपसात चर्चा करायची नाही. या नियमांची दर वेळी 'पाळत' म्हणून चर्चा होते, पण पाळत ठेवायला एवढं लागत नाही, कॅमेरे पुरेसे आहेत. माणसाला आपल्या दिवसाची हकिगत स्वतः जुळवायची असेल तर जे लागतं, म्हणजे वेळ, कागद, झोप झालेलं डोकं आणि जवळच्या माणसाशी चार खासगी शब्द, नेमकं तेच या नियमांनी काढून घेतलं जातं. घरातल्यांच्या आठवणीला खुंटी राहत नाही. माझ्या वहीत एका भांडणाची नोंद आहे. दोघांचा वाद होता तो अमुक वाक्य कुणी आधी उच्चारलं याचा, आणि दोघंही प्रामाणिकपणे चुकत असावेत असं मला वाटलं. खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं, कारण आमच्याकडे वेळ होती.

म्हणून आठवड्यातला महत्त्वाचा प्रसंग कुठलंही भांडण नव्हे. तो 'वीकेंड का वार'. सोफ्यावर ओळीनं बसलेली माणसं पडद्याकडे बघतात आणि सूत्रसंचालक त्यांना त्यांचा आठवडा सांगतो. तू चुकलास, तुझं बरोबर होतं, तू दिसतच नाहीस. त्यांनी स्वतः एकही भाग पाहिलेला नसतो. आपण कोणत्या गोष्टीतलं कोणतं पात्र आहोत हे त्यांना इथंच कळतं, आणि सोमवारपासून ते त्या पात्रासारखे वागू लागतात. ज्याला 'दिसत नाहीस' म्हटलं तो आवाज चढवतो. सोळाव्या हंगामाची जाहिरातच होती की यंदा बिग बॉस स्वतः खेळणार. त्या हंगामानं निदान प्रामाणिकपणा दाखवला.

हे बघताना मला सारखं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवायचं. तिथंही एक बंद जागा, वेळ घालवायला मांडलेला खेळ, आणि खेळता खेळता खरा होत गेलेला खटला. दाराची कडी बाहेरून लागलेली. पण 1967 मध्ये रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात बेणारेबाईंना अखेरीस बोलायला जागा मिळते. आजूबाजूची माणसं थिजतात, जणू घड्याळ थांबतं, आणि ती बाई स्वतःची बाजू स्वतःच्या क्रमानं मांडते. इतर पात्रांना ती ऐकू जात नाही, आपल्याला जाते. 'बिग बॉस'मध्येही कन्फेशन रूम आहे, तिथंही माणूस एकटा बोलतो. पण त्यातला किती भाग, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे ठरवणारा टेबलापलीकडे बसलेला असतो. बेणारेबाईंचं स्वगत अर्ध्यावर तोडून पुढे तिच्या हसण्याचं दृश्य जोडलं असतं तर नाटकाचं काय झालं असतं?

नोव्हेंबर 2010 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं हा कार्यक्रम रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत हलवायला सांगितलं, अश्लीलतेच्या कारणावरून. वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. तेव्हाचे वाद आठवतात. संस्कृती, मुलं, शिव्या. कार्यक्रम किती वाजता दाखवावा यावर सगळे बोलत होते. आत किती वाजलेत हे त्यांना का सांगत नाहीत, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही.

पडायला हवा होता, कारण दोनच वर्षांपूर्वी तो समोर येऊन गेला होता. जानेवारी 2007 मध्ये ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये जेड गुडी हिनं शिल्पा शेट्टीशी केलेलं वर्तन वर्णद्वेषी ठरवून तिथल्या नियामकाकडे 40,000हून अधिक तक्रारी गेल्या होत्या. ऑगस्ट 2008 मध्ये हीच गुडी हिंदी 'बिग बॉस'च्या दुसऱ्या हंगामात आली. सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी. समेटाची गोष्ट आधीच तयार होती म्हणायची. पण एक-दोन दिवसांतच गुडीला कन्फेशन रूममध्ये बोलावून फोनवर सांगण्यात आलं की तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. ती मायदेशी परतली आणि मार्च 2009 मध्ये, 27व्या वर्षी, वारली. तपासणी करून ती इथं आली होती, निकाल बाहेरच्या जगात होता, आणि बाहेरचं जग आत यायला त्या खोलीशिवाय दुसरा रस्ता नव्हता. सांगणाऱ्यांनी दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. घर बांधलंच तसं होतं.

सोळाव्या हंगामात अखेरीला दोघं उरले ते महाराष्ट्रातले. अमरावतीचा शिव ठाकरे, जो 2019 मध्ये मराठी 'बिग बॉस' जिंकून आला होता, आणि पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. त्यांच्या गटाला घर 'मंडली' म्हणायचं. आपला शब्द, फक्त 'ळ' गळालेला. स्टॅन हंगामभर घरी जायचं म्हणत राहिला. आपला चेहरा कुठं ठेवायचा ते न कळलेला हा मुलगा अनेकदा नुसता बसून असायचा, आणि नुसत्या बसण्याला वेळेची पाटी लावता येत नसल्यामुळे तो पडद्यावर कमीच यायचा. तरी मतं त्याला मिळाली.

12 फेब्रुवारीच्या रात्री निकाल लागला तेव्हा आई केव्हाच झोपली होती. सकाळी चहा घेताना तिनं कोण जिंकलं ते विचारलं नाही. "तो पुण्याचा मुलगा घरी पोचला का गं?" म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून औषधाची डबी उघडली.