भाई, भाईचा माणूस आणि झप्पी

'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' १९ डिसेंबर २००३ ला लागला तेव्हा संजय दत्त ४४ वर्षांचा होता. सर्किट झालेला अर्शद वारसी ३५ चा. म्हणजे डॉक्टरकीच्या कॉलेजात नाव घालणारा हा दादा उतरणीला लागलेला बाप्या आहे आणि त्याच्या मागं फिरणाराही काही पोट्टा नाही. वय निघून चाललेले दोन गुंड, आणि त्यांची दोस्ती. तिच्यावर सगळे हसले. आमच्या अचलपूर-परतवाड्यात पोट्टे अजून मोबाईलवर हा पिक्चर पाहतात अन् एकमेकाले सर्किट म्हणतात. मीही चारपाचदा पाहिला. गिरणी बंद पडल्यावर वेळच वेळ होता. हसलोही. पण दोस्तहो, हसून झाल्यावर थोडं बोलू.

आधी चांगलं ते सांगतो. धोबीघाटावरचा अड्डा, बाप गावाहून येणार म्हटल्याबरोबर धर्मादाय दवाखाना होतो. गुंड पेशंट होऊन खाटांवर पडतात. हे सगळं सर्किट जमवतो. मुन्ना बोलायचा अवकाश, माणूस पाहिजे तर माणूस उचलून आणतो, अभ्यासाले मुडदा पाहिजे तर थोही आणतो. अर्शद वारसीनं हे असं केलंय की चमचा म्हणायची हिंमत होत नाही. त्याच्या डोळ्यात लाचारी नाही. गिरणीत जॉबरच्या मागं फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. ती मानेतून वाकलेली असतात. सर्किट वाकत नाही, जीव लावतो.

दुसऱ्या पिक्चरमधे, 'लगे रहो मुन्नाभाई'त, मुन्ना याच सर्किटवर हात उचलतो. मग त्याची माफी मागतो. भाई आपल्या माणसाची माफी मागतो! माझ्या मतानं दोन्ही पिक्चरमधला हा सगळ्यात खरा सीन. ज्याच्या हाती ताकद आहे त्यानं खालच्यासमोर मान तुकवली, असं आपल्या आयुष्यात कितीदा झालं ते ज्यानं त्यानं मोजावं.

पण मुन्नाचं पूर्ण नाव मुरलीप्रसाद शर्मा. लक्षात घ्या. त्याला गाव आहे, टोपीवाला अब्रूदार बाप आहे, सुनील दत्तसारखा. बाप रुसतो म्हणून गोष्ट घडते. सर्किटचा बाप कधी दिसत नाही, गाव दिसत नाही. तो नुसता हजर असतो. आता या मुन्नाच्या जागी कुणी वानखडे, गवई, इंगळे ठेवा. तोच हप्ता, तेच अपहरण. हसले असते लोक? आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यानं नुसती कॉलर वर केली तरी ठाण्यात नाव लागते. दादागिरी गोड दिसाले आडनाव लागते बाप्पा!

आणि ती झप्पी. दवाखान्यात मकसूद नावाचा म्हातारा फरशी पुसतो आहे. पुसलेल्या फरशीवर लोक पाय देतात म्हणून तो चिडतो. मुन्ना त्याला मिठी मारतो, त्याचे डोळे भरतात. थेटरातले लोकही रडले म्हणे. मला विचाराल तर त्या म्हाताऱ्याचं चिडणं जास्त मोलाचं होतं. तो बरोबर चिडला होता. मिठीनं त्याचा राग काढून घेतला, हातात फडकं तसंच ठेवलं. त्याला पगार किती, पर्मनंट आहे की ठेक्यावर, म्हातारपणी पेन्शन आहे का, हे मुन्ना विचारत नाही आणि हिराणीही विचारत नाही. या देशात झाडू कोणाच्या हातात असतो हे नागपुरात वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला पाहिजे का?

दिग्दर्शक राजकुमार हिराणी नागपूरचा, म्हणून जास्त बोलतो. 'लगे रहो' १ सप्टेंबर २००६ ला आला. दिलीप प्रभावळकरांचा बापू झकास, नटाबद्दल वाद नाही. या बापूच्या तोंडी पुणे कराराचा शब्द येत नाही एवढंच. गांधीगिरीची लाट आली, गावोगाव लोक साहेबांना गुलाब देऊ लागले. त्याच महिन्यात, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरलाच होता. धम्मदीक्षेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष, दीक्षाभूमीवर लाखो माणसं, आणि शेजारच्या जिल्ह्यातली ही बातमी अजून दबलेली.

पिक्चरमधे लाच मागणाऱ्या कारकुनासमोर एक म्हातारा पेन्शनर कपडे उतरवतो. बघणाऱ्यांना लाज वाटते, काम होते. गांधीगिरी या लाजेवर चालते. समोरचा आपल्याला माणूस समजतो हे त्यात धरून चाललेलं असते. खैरलांजीत गाव पाहत होतं. कुणाले लाज वाटली? नोव्हेंबरात अमरावतीला माणसं निषेधाला रस्त्यावर आली तर पोलिसांच्या गोळीनं एक तरुण मेला. पुढं २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, २०१० साली नागपूर खंडपीठानं ती जन्मठेपेवर आणली. अॅट्रॉसिटी दोन्ही ठिकाणी लागली नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. त्यांनी कोणाला 'गेट वेल सून'चं कार्ड पाठवायचं होतं?

आमच्याही गेटवर एकानं थकलेल्या पगारासाठी साहेबाले गुलाब नेऊन दिला होता. साहेबानं हसून घेतला, टेबलावर ठेवला. पगार राहून गेला. 'थे पिक्चरमधेच होते ना बे,' असं तो परत येऊन म्हणाला.

मैत्री हा शब्द आपला आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच क्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतले, हे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितलं. तिन्ही एकत्र पाहिजेत. मुन्ना-सर्किटकडे तिसरं भरपूर आहे, दुसरं त्या एका माफीपुरतं. म्हणून तो सीन मी पुन्हा लावून पाहतो, आणि झप्पी आली की पुढं ढकलतो.

तिसऱ्या भागाच्या बातम्या अधूनमधून येतात. दोघंही आता खरोखरीच म्हातारे व्हायला लागले. आला तर मी पाहीन. सर्किटचं घर कोणत्या वस्तीत हाये थे मले पाहाचं हाये.