मिमार सिनान : आत्मकथन व मोजमाप

उस्मानी सुलतानांचा मुख्य स्थपति मिमार सिनान (मृत्यु १५८८) ह्याचें चरित्र लिहिणारे बहुधा त्याच्याच तोंडच्या हकीकतीवर विसंबतात. ती त्याच्या वार्धक्यांत साई मुस्तफा चेलेबी ह्या कवीनें लिहून काढली. आयासोफियाएवढा घुमट मुसलमानांस बांधतां येणार नाहीं, हा ख्रिस्ती कारागिरांचा टोमणा आपल्या जिव्हारीं लागला होता. एद्रिनेच्या सेलिमिये मशिदींत आपण उंची व विस्तार ह्या दोन्हींत तिच्यावर मात केली, असें तींत सिनान म्हणतो.

मोजमाप निराळें सांगतें. दोन्ही घुमटांचा व्यास सुमारें ३१ मीटर आहे. परंतु जमिनीपासून उंची सेलिमियेची सुमारें ४२, तर आयासोफियाची सुमारें ५५ मीटर भरते. मग हें विधान केवळ बढाई म्हणावी काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. आयासोफियाची डागडुजी खुद्द सिनाननेंच केली होती. तिचीं मापें त्यास ठाऊक नसतील, हें संभवत नाहीं. तिचा घुमट चपटा आहे. तेव्हां ही तुलना नुसत्या घुमटाच्या पायथ्यापासूनच्या उंचीची असावी, असा आमचा तर्क आहे.

तथापि सिनानची खरी थोरवी ह्या चढाओढींत नाहीं. आठ खांब भिंतींलगत सारून त्यानें घुमटाखालील जागा एकसंध केली, हें यश मोजपट्टीनें मापण्यासारखें नव्हे. साधन समकालीन असलें तरी तें तपासूनच घ्यावें, एवढेंच आमचें चरित्रकारांस सांगणें आहे.