इतिहास बदला, पण प्लावक बल?

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवरची गोळी हुकते आणि इतिहास वेगळी वाट धरतो. एकच घटना बदलायची, पुढचे सारे तर्काने सोडवायचे, हे या कथेचे बळ. पर्यायी इतिहासात राजदूतांना वायुनौकेतून जगप्रवास घडवणाऱ्या कथांत मात्र हे बळ आम्हांस क्वचितच आढळते. तेथे वायुनौका म्हणजे निव्वळ तरंगता महाल!

वास्तविक अशा दौऱ्याची आखणी वजनापासून सुरू व्हायला हवी. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१ किलोग्रॅम भार उचलतो. माजलगावच्या ४० अंशांच्या उन्हात हवा विरळ होते व ही उचल सुमारे ८ टक्क्यांनी घटते. मग इंधन कमी करायचे, की शिष्टमंडळातले कोणी उतरवायचे? कथेचे खरे नाट्य येथे आहे.

‘ग्राफ झेपेलिन’ने १९२९ मध्ये २१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३० मध्ये कराचीकडे निघालेली ब्रिटिश ‘आर १०१’ मात्र फ्रान्समध्येच कोसळली. परिषदेसाठी वेळेत परतण्याची घाई असलेले हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांच्यासह ४८ जण दगावले.

शिक्षकांनी अशी कथा वर्गात जरूर वाचावी; पण त्याआधी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा.