'लागले का?' : सेवाशेतीवरील सूचनांच्या भाषेची चिकित्सा

मराठी गद्याची समीक्षा करताना कथा, निबंध, चरित्र ह्यांचा विचार होतो. सूचनापत्रके, कामाचे नियम, औषधाच्या डब्यावरील मजकूर ह्यांचा होत नाही. ह्या गद्याला वाङ्मयीन मूल्य नाही हे खरे; परंतु त्याच्या रचनेतील दोषाची किंमत वाचकाला आपल्या शरीराने मोजावी लागते. आजारी, अपंग वा मनोरुग्ण प्रौढ माणसे उपचाराचा, पुनर्वसनाचा आणि उपजीविकेचा भाग म्हणून ज्या शेतावर काम करतात, तेथील सूचनांच्या बाबतीत तर ही किंमत फारच मोठी असते. अशा शेताला येथे 'सेवाशेती' म्हटले आहे. ह्या शेतीवरील सुरक्षिततेची मराठी कशी बनते आणि ती कोठे अपुरी पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ही कल्पना परदेशातून नव्याने आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये आज अशी हजारांहून अधिक शेते आहेत हे खरे. पण महाराष्ट्रात मनोहरजी दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी तपोवन वसविले आणि वरोऱ्याजवळ बाबा व साधनाताई आमटे ह्यांनी १९५१ मध्ये खडकाळ माळावर आनंदवनाची सुरुवात केली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. ह्या संस्थांची नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. 'धाम', 'तपोवन', 'वन' हे शब्द आश्रयाचे व शांतीचे सूचक आहेत. विळा, कुदळ, मोट आणि चूल ह्यांचा बोध त्यांतून होत नाही. गौरवपर लेखनातही 'श्रमणारे हात' प्रतीक म्हणूनच येतात. त्या हाताला कुदळीच्या दांड्याने आलेला फोड कोणी, केव्हा पाहावयाचा, हा प्रश्न प्रतीकाच्या पोटात राहून जातो. सूचनांच्या गद्याने तो स्पष्टपणे मांडावयास हवा. ते तसे करते काय?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी एक वैद्यकीय वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी लागते. कुष्ठरोगाने बोटे 'झडतात', हा समज दीर्घकाळ रूढ होता. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड ह्यांनी तो खोडून काढला. मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते, आणि संवेदना गेलेला अवयव रोजच्या लहानमोठ्या जखमांनी, भाजण्यांनी व त्यांतील जंतुसंसर्गाने झिजत जातो, असे त्यांनी दाखविले. त्यांनी सांगितलेली एक घटना प्रसिद्ध आहे. गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, तेव्हा एका कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली सहज फिरविली. जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले म्हणून त्याचा हात पाहिला, तो बोट हाडापर्यंत कापलेले होते. मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात असेही तेथे आढळून आले, आणि त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यानंतर रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत, बाह्य विकृती दिसत नसली तरी हातापायांची संवेदना गमावलेल्या कुष्ठमुक्त व्यक्तीचा समावेश आहे.

आता मराठीकडे वळू. शेतात कोणी पडला, अडखळला, विळ्यावर हात गेला, की आसपासचा मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो : 'लागले का?' 'लागणे' हा मराठीतील अत्यंत व्यापक धातू आहे. मोल्सवर्थच्या कोशात त्याच्या अर्थांची मोठी मालिका दिलेली आढळते. इजेच्या संदर्भात ह्या धातूचे एक वैशिष्ट्य आहे. 'त्याला लागले' ह्या वाक्यात इजा होणे आणि ती जाणवणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात मिसळलेल्या असतात. निरोगी माणसाच्या बाबतीत त्या वेगळ्या करण्याची गरज पडत नाही, कारण शरीर त्या एकत्रच आणते. संवेदना गमावलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र त्यांची फारकत झालेली असते. त्याला 'लागले का?' असे विचारले असता तो 'नाही' म्हणतो. तो खोटे बोलत नाही, निष्काळजीही नसतो. प्रश्नाच्या एका अर्थाचे त्याने खरे उत्तर दिलेले असते. विचारणारा ते दुसऱ्या अर्थाने घेतो आणि दोघेही पुन्हा कामाला लागतात. जखम मात्र उघडीच राहते.

ह्याच्या मुळाशी एक व्याकरणिक रचना आहे. मराठीत वेदना, भूक, तहान, थंडी, भीती ह्यांचा अनुभव घेणारा कर्त्याच्या रूपात न येता चतुर्थीत येतो : 'मला दुखते', 'त्याला भूक लागली', 'तिला चक्कर आली'. अनुभव माणसाकडे आपण होऊन येतो, असे ही रचना मानते. मराठीतील इशारे बहुतांशी तिच्याच आधाराने रचलेले असतात. 'चटका बसल्यास भांडे खाली ठेवावे', 'काटा टोचल्यास त्वरित काढावा', 'डोळ्यात काही खुपल्यास पाण्याने धुवावा', अशा धर्तीची वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि सर्वसाधारण शेतमजुरास पुरेशी आहेत. पण त्यांतील अट संवेदनेची आहे. ज्याच्या हाताला चटका कळत नाही, किंवा ज्याच्या डोळ्याला कुसळ खुपत नाही, त्याच्यासाठी ही अट कधीच पूर्ण होत नाही; आणि अटच पूर्ण न झाल्यामुळे पुढील आज्ञा लागू होत नाही. सूचना भिंतीवर असते, तो ती वाचतो, समजतो, आणि तरीही ती त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सोलापूर जिल्ह्यात ही अडचण तीन भाषांत पसरलेली आहे. येथे मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घराघरांत बोलल्या जातात, आणि अनुभव घेणाऱ्यास चतुर्थीत ठेवण्याची रीत ह्या दोन्ही द्राविड भाषांतही आहे. कन्नडमधील 'ननगे नोवु' किंवा तेलुगूतील 'नाकु नोप्पि' ही मराठी 'मला दुखते'चीच भावंडे होत. तेलुगूत 'देब्ब तगिलिंदि' म्हणतात. त्यातील 'तगुलु' हा स्पर्शवाचक धातू मराठी 'लागणे'च्या अगदी शेजारी येऊन बसतो. तात्पर्य, सूचनापत्रकाचे भाषांतर करून दोष नाहीसा होत नाही. तो भाषांतराबरोबर प्रवास करतो.

ह्या प्रदेशातील कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी कापण्याऐवजी बहुधा मुळासकट उपटून काढतात. ताट घट्ट धरून ओढताना निरोगी हाताला फोड येतात. हात दुखू लागला की माणूस पकड बदलतो, घटकाभर थांबतो. ही विश्रांती त्याला त्याचे दुखणे देते. संवेदनाहीन हात एकाच जागी, एकाच जोराने, दिवसभर ओढत राहतो. अशा वेळी 'हात दुखल्यास विश्रांती घ्यावी' ह्या वाक्याचा उपयोग शून्य. 'दर वीस ताटांनंतर थांबून दोन्ही तळवे पाहावेत' ह्या वाक्याचा उपयोग आहे; कारण त्यातील अट मोजता येते आणि कृती डोळ्यांनी करता येते.

हा विचार कुष्ठमुक्तांपुरता मर्यादित नाही. मनोविकारावरील काही औषधांनी शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती कमी होते. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. वृद्धांना तहान उशिरा कळते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेथे 'तहान लागल्यास पाणी प्यावे' ही सूचना पुन्हा त्याच चतुर्थीवर, त्याच 'लागणे'वर विसंबते. आणि पुढे 'ऊन लागले' असे म्हणण्याची पाळी येते, तेव्हाही तोच धातू हाताशी असतो. 'तासातासाला घंटा होईल. घंटा झाली की प्रत्येकाने एक भांडे पाणी प्यायचे' असे म्हटल्यास तहानेची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा दोष कर्त्याच्या लोपाचा आहे. सूचनांच्या मराठीचे आवडते रूप विध्यर्थाचे. 'हात रोज तपासावेत' हा कर्मणि प्रयोग; 'विहिरीजवळ जपून चालावे' हा भावे प्रयोग. दोहोंत कर्ता तृतीयेत येऊ शकतो, पण तो न आला तरी वाक्य पूर्ण वाटते. ह्या रूपाला आदरार्थाची छटा आहे, वडीलधाऱ्यांनाही ते खुपत नाही. म्हणूनच ते लोकप्रिय झाले. परंतु हात कोणी तपासावेत? ज्याचे त्याने, सोबत्याने, परिचारिकेने की मुकादमाने? विहिरीजवळ अपस्माराचा रुग्ण एकटा जाऊ नये हे कोणी पाहावे? वाक्य सांगत नाही, आणि वाक्याने न सांगितलेले काम प्रत्येकजण दुसऱ्याचे समजतो. अपघातानंतर 'काळजी घ्यावी असे लिहिले होते' एवढे म्हणण्याची सोय मात्र राहते. अशा गद्याने लिहिणाऱ्याचे रक्षण होते. वाचणाऱ्याचे होतेच असे नाही.

ह्या दोन्ही दोषांचा एकत्र प्रत्यय कीटकनाशकाच्या डब्यावर येतो. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व त्याखालील १९७१ चे नियम ह्यांनुसार डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो : लाल अतितीव्र, त्यानंतर क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. ही चिन्हव्यवस्था डोळ्यांवर आधारलेली असल्याने मुळात चांगली आहे. पण तिचा अर्थ शिकवावा लागतो. हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असा व्यवहारातील संकेत तिला छेद देतो. सोबतचा मजकूर पुन्हा 'मळमळ वा चक्कर आल्यास' ह्या वळणावर येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तिचा भार एकट्या भाषेवर टाकणे अन्यायाचे होईल. पण धडधाकट माणसांनाही देहाचा इशारा वेळेवर मिळत नाही, एवढे तीवरून निश्चित दिसते. मग ज्याला मळमळ शब्दांत सांगता येत नाही, अशा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढाचे काय? सेवाशेतीवर अशा व्यक्तीच्या हाती फवारणी न देणे, आणि फवारलेल्या शिवारात ती शिरणार नाही ह्याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर टाकणे, हाच मार्ग उरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. धोक्याचा एवढा विचार केला तर ह्या माणसांना कामच मिळणार नाही. आणि काम न देणे म्हणजे त्यांना पुन्हा भिक्षेच्या ओसरीवर बसविणे होय. आक्षेप वजनदार आहे, आणि आनंदवनाचा सारा इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे. 'अशा व्यक्तींना धोक्याची कामे देऊ नयेत' हे सरसकट वाक्य वरवर दयाळू दिसते, पण प्रौढाचे प्रौढपणच ते नाकारते. परंतु वर केलेली चिकित्सा ह्या वाक्याकडे नेत नाही. काम तेच ठेवून अट बदलणे आणि कर्ता सांगणे, एवढीच तिची मागणी आहे. ज्वारी उपटावी, तळवे मात्र ठरल्या वेळी पाहावेत. चूल पेटवावी, भांडे उचलण्यापूर्वी पक्कड हाती घ्यावी. शेतात चालावे, सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला घालून चालावे, आणि संध्याकाळी पाऊल उलटे करून पाहावे.

मात्र हा कर्ता नेहमी व्यवस्थापकच असावा, असे नाही. ब्रँड ह्यांनी पुढे कृत्रिम वेदना निर्माण करणारे हातमोजे करून पाहिले. दाब वाढला की प्रथम कानात आवाज आणि नंतर काखेत विजेचा झटका, अशी योजना होती. ती फसली, कारण काम उरकावयाचे असले की वापरणारे यंत्रच बंद करीत. बाहेरून लादलेला इशारा त्यांना आपला वाटला नाही. परक्या आज्ञेचेही असेच होते. मराठीत ह्यावर तोड आहे. बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांनाही सामावून घेणारे 'आपण' मराठीपाशी आहे. तेलुगूचे 'मनमु' त्याच जातीचे. 'आपण एकमेकांचे हात पाहू या' ह्या वाक्यात कर्ता आहे, कृती दृश्य आहे, आणि पाहणारा व पाहिला जाणारा एका पातळीवर आहेत. त्यात पाहारा नाही, उपकारही नाही. दोन प्रौढांनी दिवसाअखेर करावयाचे ते एक काम आहे.

सुरक्षिततेची साधने अनेक आहेत : दांड्याला गुंडाळलेले कापड, विहिरीचा कठडा, यंत्राचे झाकण, योग्य पादत्राण. भाषा हे त्यांतील सर्वांत स्वस्त साधन, आणि कदाचित म्हणूनच सर्वांत कमी तपासलेले. सेवाशेतीवरील प्रत्येक सूचना दोन कसोट्यांवर घासून पाहता येईल. तिच्यातील अट संवेदना नसलेल्या माणसालाही कळेल काय? आणि तिच्यातील काम कोणाचे, हे वाक्यातच सांगितले आहे काय? ह्या कसोट्यांना न उतरणारे वाक्य कितीही शुद्ध असले तरी बदलले पाहिजे. त्याची सुरुवात रोजच्या बोलण्यातूनही करता येईल. 'लागले का?' हा प्रश्न मायेचा आहे. तो सोडण्याची गरज नाही. त्याच्या पाठोपाठ 'बघू, हात दाखवा' एवढे तीन शब्द आले की पुरे.