वाळवंटातील सहल आणि जमाखर्च

प्रवासवर्णनात पैशाचा हिशेब देणे हे अरसिकपणाचे लक्षण होय, असा समज आपल्याकडे दृढ झाला आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहिला म्हणजे तो टिकत नाही. घरचे कर्ज फेडावे म्हणून हे गृहस्थ १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले. मिळालेली दक्षिणा आणि लुटला गेलेला पैसा, दोन्ही ते सांगतात. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेले हे पुस्तक आजही विश्वसनीय वाटते, ते पुष्कळ अंशी यामुळेच.

दुबईच्या आधुनिक सहलवर्णनांत बहुधा हाच भाग गाळलेला असतो. २०१० साली खुला झालेला ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा त्यांत असतो. परंतु तेथे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते आणि गारवा विजेने निर्माण करावा लागतो, हे नसते. खर्च वगळला की वाळवंटही वगळले जाते.

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरच्या शेतकरी कुटुंबास पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. त्याने अशी सहल योजिली, तर मे महिन्याच्या सुटीत हॉटेले स्वस्त पण पारा चाळिशीपार, हिवाळ्यात हवा सुखद पण दर चढे, हे त्यास आधी कळले पाहिजे. दिरहम १९९७ पासून डॉलरशी ठरलेल्या दराने बांधलेला आहे. डॉलरपुढे रुपया घसरताच घरचे अंदाजपत्रक चुकते. एवढे सांगितल्याने रसभंग होतो, असे आम्हांस वाटत नाही. वर्षाची शिल्लक खर्चून निघणाऱ्या वाचकाचा लेखकावर एवढा हक्क आहेच.