आर्थिक प्रोत्साहन विधेयक आणि साठ मतांचे गणित : एक चिकित्सा

अमेरिकेत २००९ मध्ये संमत झालेल्या ‘अमेरिकन रिकव्हरी अँड रीइन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट’ या कायद्याचे मूल्यमापन प्रामुख्याने अर्थशास्त्रीय निकषांवर केले जाते. ७८७ अब्ज डॉलरची अंदाजित तरतूद अपुरी होती की अवाजवी, या प्रश्नाभोवतीच चर्चा फिरत राहते. वस्तुतः या तरतुदीचे आकारमान व स्वरूप मंदीच्या तीव्रतेइतकेच सभागृहातील मतसंख्येनेही निश्चित केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२८ जानेवारी २००९ रोजी प्रतिनिधीगृहाने हे विधेयक २४४ विरुद्ध १८८ मतांनी संमत केले. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत अनुकूल नव्हते. विरोधकांना आकृष्ट करण्यासाठी सत्ताधाऱ्यांनी मोठ्या करसवलती आरंभीच समाविष्ट केल्या होत्या. वाटाघाटींपूर्वीच दिलेल्या या सवलतींचा मोबदला मात्र मिळाला नाही.

सिनेटमधील स्थिती अधिक बिकट होती. तूट वाढविणाऱ्या विधेयकावरील अर्थसंकल्पीय हरकत दूर करण्यासाठी तेथे ६० मते आवश्यक असतात. दोन अपक्षांसह डेमोक्रॅटिक गटाचे संख्याबळ ५८ होते. साहजिकच सुसान कॉलिन्स, ऑलिंपिया स्नो व आर्लेन स्पेक्टर या तीन रिपब्लिकन सदस्यांना निर्णायक महत्त्व प्राप्त झाले. अंतिम मसुद्यात शाळा-बांधणीचा स्वतंत्र निधी वगळण्यात आला. राज्यांसाठीचा स्थिरीकरण निधी प्रतिनिधीगृहाच्या ७९ अब्ज डॉलरवरून सुमारे ५४ अब्जांवर आला. याउलट, पर्यायी किमान करातील सुमारे ७० अब्जांची सवलत कायम राहिली. अशी सवलत एरवीही वेळोवेळी दिली जात असल्याने तिच्यामुळे मागणीत नवी भर पडण्याची शक्यता अल्प होती. १३ फेब्रुवारीस सिनेटने ६० विरुद्ध ३८ मतांनी मंजुरी दिली. एकही मत अधिक नव्हते.

विरोधी पक्षाची एकजूट विधेयक रोखू शकली नाही. परंतु कायद्याच्या परिणामांची जबाबदारी तिने एकाच पक्षावर टाकली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर पोहोचली आणि २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ६३ जागांची निव्वळ वाढ मिळविली.

सारांश, मतांसाठी कात्री लागलेल्या कायद्याच्या फलितावरून शासकीय खर्चाच्या सिद्धान्ताची परीक्षा घेणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरते. म्हणून अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी हे उदाहरण एकत्रितपणे अभ्यासणे अगत्याचे आहे.